खापर, पांढर आणि शनिवार तेली

आमच्याकडे खान्देशात पुरणपोळी तव्यावर होत नाही, खापरावर होते. मातीचं पसरट भांडं चुलीवर पालथं घालायचं, पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि एका झटक्यात त्या पालथ्या पाठीवर टाकायची. खापर तडकलं की उकिरड्यावर जातं. फुटक्या मडक्याच्या तुकड्यालाही मराठीत खापरच म्हणतात, दुसऱ्याच्या माथी दोष मारायचा तेव्हाही खापरच फोडतात, आणि पणजोबांच्या वडिलांना म्हणतात खापरपणजोबा. व्युत्पत्तीच्या वादात मी पडत नाही. पण उत्खनन करणाऱ्या माणसाला हा शब्द ऐकवला तर तो मान डोलावेल. ज्या पूर्वजाचं नाव आठवत नाही, त्याच्या आणि आपल्यामध्ये बहुधा खापरच उरलेलं असतं.

जामनेरातलं आमचं जुनं घर धाब्याचं होतं. पावसाळ्याआधी धाब्यावर माती चढवावी लागे, आणि ती शेतातली काळी चालत नसे. काळी पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. त्यासाठी पांढरीतली मातीच हवी. एका वर्षी त्या मातीच्या घमेल्यातून बोटभर लाल खापर निघालं, त्यावर काळ्या रंगाची एक रेघ. मी ते खिशात घालणार तोच आजी म्हणाली, ‘टाकी दे बाबा. पांढरीतलं घरात आणू नये.’ मी टाकून दिलं. ते दोनशे वर्षांचं होतं की तीन हजार, हे आता कोण सांगणार?

पांढर म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. काळीत पीक येतं, पांढरीवर माणूस राहतो. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंती, हाडं, फुटकी भांडी हे सगळं कुजून, दबून माती राखाडी पांढुरकी होते. गाव उठून गेलं तरी ती तशीच राहते. पुरातत्त्वाची मंडळी नदीकाठाने पायी फिरतात तेव्हा काळ्या शिवारात उठून दिसणारं हे पांढरं टेकाडच शोधत असतात. पश्चिम आशियात असल्या टेकाडाला हिब्रूत ‘तेल’ म्हणतात, अरबीत ‘तल्ल’. इराक, सीरिया, इस्राएलच्या नकाशावर शेकडो गावांच्या नावांच्या सुरुवातीला हा शब्द आहे. तेल अवीव म्हणजे वसंताचं टेकाड. शहर १९०९ मधलं, पण नाव बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातून उचललेलं. तिथे ते बाबिलोनजवळच्या एका वस्तीचं नाव आहे, आणि त्या वस्तीत राहतात ते देशोधडीला लावलेले यहुदी.

मराठी कानाला ‘तेल’ म्हटलं की घाणा आठवतो, टेकाड नाही. पण यहुद्यांचा इतिहास वाचत गेलो की ही दोन्ही तेलं पुन्हा पुन्हा एकमेकांत मिसळतात.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतलं आणि तिथला तरुण राजा यहोयाकीन याला घरच्या मंडळींसह पकडून नेलं. दहा-अकरा वर्षांनी, इ.स.पू. ५८६ च्या सुमारास, शहर आणि मंदिर दोन्ही जमीनदोस्त झाले. बायबल सांगतं की यहोयाकीन सदतीस वर्षं कैदेत होता आणि नंतर त्याला राजाच्या पंगतीत जागा मिळाली. हे सगळं धर्मग्रंथातलं. मानायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

१८९९ ते १९१७ या काळात रॉबर्ट कोल्डेवाय नावाचा जर्मन संशोधक बाबिलोन खणत होता. राजवाड्यात त्याला जाड भिंतींच्या कमानदार खोल्या सापडल्या आणि जगप्रसिद्ध टांगती बाग याच खोल्यांवर असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याच खोल्यांतल्या मातीच्या पाट्या पुढे बर्लिनमध्ये एर्न्स्ट वाइडनर यांनी वाचल्या आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध केल्या. बागेचा त्यांत मागमूस नव्हता. तो होता कोठीचा हिशेब. कोणाला किती तेल दिलं, त्याची नोंद. तिळाचं तेल. घेणाऱ्यांत खलाशी आहेत, सुतार आहेत, फिलिस्तीनचे आहेत, इजिप्तचे आहेत, आणि त्यांच्याच ओळीत ‘याहुद देशाचा राजा याउकीनु’ आणि त्याचे पाच मुलगे. एका पाटीवर इ.स.पू. ५९२ चं वर्ष आहे.

देशोधडीला लागलेल्या यहुदी माणसाचा मातीतून निघालेला इतका जुना कागद क्वचितच असेल, आणि तो आहे रेशनच्या दुकानातल्या पावतीसारखा. त्यात शोक नाही, प्रार्थना नाही. पण ज्या कारकुनाला यरुशलेमशी काही देणंघेणं नव्हतं त्याने तो लिहिला, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. पुढे ‘आल-याहुदु’, म्हणजे यहुद्यांचं गाव, असा उल्लेख असलेल्या दोनशेच्या आसपास पाट्या उजेडात आल्या. इ.स.पू. ५७२ ते ४७७ या काळातल्या या पाट्यांत नाव-गावासकट शेतं खंडाने घेणारे, सारा भरणारे, बैलांचे व्यवहार करणारे यहुदी भेटतात. बाबिलोनच्या नदीकाठी रडत बसलेल्या निर्वासितांचं चित्र आपल्या डोक्यात असतं, पण इथे तर लोक शेती लावून बसलेले दिसतात. दुर्दैव एवढंच की या पाट्या रीतसर उत्खननातून आल्या नाहीत, बाजारातून आल्या. कोणत्या थरातून, कोणत्या घरातून निघाल्या ते कायमचं गेलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पांढर वाहून नेली की नेमकं हेच होतं.

पर्शियाच्या कुरुश राजाने इ.स.पू. ५३८ मध्ये परत जायची मुभा दिली तेव्हा सगळे परतले नाहीत. बरेच तिथेच राहिले, आणि बगदादचे यहुदी हा त्याच राहिलेल्यांचा लांबचा धागा. १८३० च्या दशकात मुंबईत येऊन व्यापाराचं साम्राज्य उभं करणारे डेव्हिड ससून बगदादचे. पुण्यातलं लाल देऊळ त्यांनी बांधलं. ते १८६७ मध्ये पुरं झालं. व्यापाराला तेजीचेच ते दिवस: अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ या काळात कापसाचे भाव आभाळाला भिडले होते आणि खान्देशातल्या कापसाच्या गाड्याही त्या लाटेवर मुंबईकडे धावत होत्या.

यहुद्यांच्या अशा विखुरण्याला ग्रीक शब्द आहे ‘डायास्पोरा’, अर्थ बी विखरून टाकणं, फेकून पेरणं. मराठीत याहून नेमका शब्द घरातच पडून आहे: परागंदा. फारसीतून आला, अर्थ विखुरलेला. दुष्काळात, दंग्यात, सावकाराच्या धाकाने गावं परागंदा झाली, असं आपले जुने कागद सर्रास म्हणतात.

आता कोकणात जाऊ, कारण मराठीला सगळ्यात जवळची यहुदी गोष्ट तिथली आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेतं त्यांनी दोन टेकाडांखाली पुरली, पुरुषांची एकात, बायकांची दुसऱ्यात. ही बेने इस्राएल समाजाची आठवण. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा विसरली. वाचलेली मंडळी गावोगाव पांगली आणि तेलाचा घाणा चालवू लागली. शुक्रवारी सूर्य बुडाला की घाणा बंद, तो शनिवारी सूर्य बुडेपर्यंत. शेजाऱ्यांनी नाव ठेवलं शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे दुसरे तेली होते, त्यांना सोमवार तेली म्हणत. कोकणाने कोणाचा देव कोणता, ते विचारलं नाही. बैल कधी सुटतो, तेवढं बघितलं.

या समाजाजवळ धर्मग्रंथ नव्हता. होत्या त्या काही सवयी. मुलाची सुंता आठव्या दिवशी. पर आणि खवले असलेलाच मासा खायचा. जन्माला, लग्नाला, मरणाला एकच हिब्रू प्रार्थना, ‘शेमा’, म्हणायची. आणि सण. या सणांची जुनी नावं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. नव्या वर्षाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा कडक उपास, ज्या दिवशी दारं लावून घरात राहायचं, तो दार फाळणीचा सण, आणि दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. मंदिर पडल्याचं सुतक म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. खमीर वर्ज्य असलेल्या वल्हांडणाची ओळख उरली होती आंबट रसाचं भांडं झाकून ठेवण्यापुरती, म्हणून तो अनाशी ढाकाचा सण. एस्तेर राणीची कथा विसरली, पण फाल्गुनाच्या आसपास काहीतरी आनंदाचं असतं हे लक्षात राहिलं. मग तो झाला होळीचा सण.

कथा गळून गेली आणि कृती टिकली. पांढरीतही असंच होतं. पोळीचं पीठ उरत नाही, खापर उरतं.

खरी गंमत पुरावा तपासताना येते. हाईम सॅम्युएल केहिमकर, आडनावावरून किहीमचे, यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यांचा तर्क असा: आमच्या लोकांना हनुक्का हा दिव्यांचा सण ठाऊक नव्हता. तो सण इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध केल्याच्या आठवणीचा. म्हणजे आमचे पूर्वज त्याआधीच, इ.स.पू. १७५ च्या सुमारास निघाले असले पाहिजेत.

तर्क देखणा आहे, आणि म्हणूनच सांभाळून घ्यायला हवा. हनुक्का ठाऊक नव्हता याचा अर्थ तो सुरू होण्याआधी निघाले, असा होऊ शकतो. पण जिथे एस्तेरची कथाही पुसली गेली तिथे एक सण अख्खाच्या अख्खा विसरला जाणं काही अवघड नाही. एखाद्या थरात लोखंड सापडलं नाही म्हणून तो थर लोखंडाआधीचा, असं उत्खननात म्हटलं तर शेजारचा माणूस विचारतो, ‘किती फूट खणलंत?’ दुसरे अभ्यासक या मंडळींना पाचव्या-सहाव्या शतकात येमेन किंवा इराणकडून आणतात. लेखी पुरावा मात्र फार अलीकडचा. कोचीनचे यहेज्केल राहबी यांनी १७६८ मध्ये हॉलंडला पाठवलेल्या पत्रात बेने इस्राएलांचा उल्लेख येतो. समाजाच्या आठवणीत त्याआधीचा एक डेव्हिड राहबी आहे. त्याने बायकांपुढे माशांची पाटी ठेवली, त्यांनी पर-खवल्यांचे मासे वेगळे काढले आणि हे आपलेच लोक, अशी त्याची खात्री पटली. मग झिराड, शापूर आणि राजपूरच्या तिघांना शिकवून त्याने धर्माचं काम त्यांच्याकडे सोपवलं. ही आठवण हजार वर्षांपूर्वीची की अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहबी घराण्याचीच, यावर वाद आहे. मला दुसरी शक्यता जास्त पटते. आठवणीला मागे सरकायची खोडच असते.

२०१६ मध्ये एक आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या समाजात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीय शेजाऱ्यांचा, दोन्हीकडचा मोठा वारसा दिसला, आणि मिसळण अदमासे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची निघाली. म्हणजे मध्ययुगातली. इथे पुन्हा तीच सावधगिरी. मिसळण कधी झाली हे रक्त सांगतं. किनाऱ्याला कधी लागले, ते नाही.

हा प्रश्न निव्वळ अभ्यासकांच्या चैनीचा नव्हता. १९४८ नंतर यातले बरेच लोक इस्राएलला गेले, आणि तिथल्या धर्मपीठाने १९६२ मध्ये त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशाची चौकशी करायचा फतवा काढला. शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना विचारलं गेलं, पुरावा काय? मोर्चे निघाले, उपोषणं झाली. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना पूर्ण यहुदी मानावं असं स्पष्ट केलं, तेव्हा कुठे ते थांबलं.

त्यांच्या बाजूने मी साक्षीला उभा राहिलो असतो तर आडनावांची यादी पुढे केली असती. चेऊलकर, दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. गावं नकाशावर टिंबांनी मांडली की अलिबाग, पेण, रोहा, मुरूडच्या आसपास एक दाट पुंजका तयार होतो. पुरातत्त्वात याला खापरांचा प्रसार-नकाशा म्हणतात. एकाच घडणीची भांडी कुठे कुठे मिळाली त्यावरून ती माणसं कुठे नांदली ते ठरवायचं. इथे भांड्यांऐवजी ‘कर’ आहे. मुंबईतलं पहिलं सिनगॉग ज्यांनी १७९६ मध्ये बांधलं ते सॅम्युएल इझिकेल यांचंही आडनाव दिवेकर, आणि समाजात त्यांचं नाव सामाजी हसाजी. पोहे, नारळ आणि फळांचं मलिद्याचं ताट एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने आजही भरलं जातं. खंडाळ्याच्या खडकावर, अलिबागजवळच्या, त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात.

कोकणात माणसं आहेत, नावं आहेत, सण आहेत, पण थर नाही. खान्देशात नेमकं उलटं.

चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आहे. मधुसूदन नरहर देशपांडे यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे १९५२-५३ आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये तिथलं टेकाड उघडलं. नदीपलीकडे टेकवाडे, तिथे दफनं. तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे. आपण तिथे दक्षिण काशी म्हणून जातो आणि ज्या टेकाडाशेजारून जातो ते बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये खणलं. खाली ताम्रपाषाणयुगाचा थर, त्यावर लोखंडाचा, त्यावर पुढचे. तापीकाठच्या सावळद्याच्या नावाने एक संस्कृतीच ओळखली जाते, इ.स.पू. २००० च्या आसपासची. तिच्या भांड्यांवर बाण, भाले, जनावरं रंगवलेली असत. त्याच घडणीची भांडी प्रवरेकाठच्या दायमाबादला सगळ्यात खालच्या थरात मिळाली. आणि याहून कितीतरी मागे, चाळीसगाव तालुक्यातल्याच पाटण्याला, एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खान्देशात शहामृग!

‘इस्राएल’ हे नाव जगात पहिल्यांदा कुठे कोरलेलं मिळतं? इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिळेवर, इ.स.पू. १२०८ च्या सुमारास. बहाळ-प्रकाशाच्या खालच्या थरांतली लाल भांडी, काळ्या रेघांची, त्याहून जुनी आहेत. पण ती करणारे कोणती भाषा बोलत, ठाऊक नाही. कोणत्या दिवशी चाक थांबवत, ठाऊक नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला याच ताम्रपाषाणयुगातल्या लोकांनी लहान मुलं दोन मडकी तोंडाला तोंड लावून घरातल्या जमिनीखाली पुरली आणि मोठ्या माणसांना पाय घोट्यापासून तोडून पुरलं. का? मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अंदाज आहे. अंदाजच. इ.स.पू. १००० च्या सुमारास तापी-गोदावरीच्या खोऱ्यातली ही गावं बहुतेक ओस पडली. पाऊस आटला असावा, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडलं. माणसं परागंदा झाली, आणि ‘आम्ही गिरणेकाठचे’ असं सांगणारा एकही माणूस मागे उरला नाही. यहुद्यांची गावं याहून वाईट रीतीने उजाड झाली. फरक इतकाच की त्यांनी जाताना आठवण बरोबर नेली.

एक धागा मात्र आमच्या शिवारातून थेट त्यांच्या ग्रंथात गेलेला आहे, अगदी शब्दशः धागा. एस्तेरच्या पुस्तकात पर्शियाच्या राजाच्या मेजवानीचं वर्णन आहे. मंडपाला पांढरं कापड, निळं कापड आणि ‘करपस’. हा शब्द संस्कृत कार्पासावरून आला असं भाषातज्ज्ञ मानतात. तोच आमचा कापूस. त्या राजाचं राज्य कुठवर? पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात आहे: ‘होदू’पासून कूशपर्यंत. होदू म्हणजे हिंद.

ही एस्तेर आणि तिचा राजा सीरियातल्या दुरा-युरोपोस गावातल्या सिनगॉगच्या भिंतीवर रंगवलेले आहेत. चित्रं इ.स. २४४-२४५ च्या सुमाराची. यहुदी धर्मात मूर्ती-चित्राला मनाई, असं सगळे धरून चालले होते, आणि १९३२ मध्ये भिंतभर चित्रं निघाली: नदीतून उचललेला बाळ मोशे, घोड्यावरचा, एस्तेरला वाढवणारा मर्दखय, सिंहासनावरची एस्तेर. ती टिकली कशी? इ.स. २५६ च्या सुमारास शहराला वेढा पडला तेव्हा रोमी शिपायांनी तटाला बळकटी म्हणून आतल्या बाजूने मातीचा ढिगारा ओतला आणि तटालगतचं सिनगॉग त्यात गाडलं गेलं. शहर पडलं, चित्रं वाचली. आज ती दमास्कसच्या संग्रहालयात आहेत. अशीच एक जागा आमच्या जवळ आहे. जामनेरहून पहूर, वाकोदवरून फर्दापूरला तासाभरात पोचता येतं. तिथे वाघूर नदीच्या वळणावर अजिंठा. लोक विसरले, झाडी माजली, लेण्यांत माती भरली, आणि २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तिथे येऊन थडकला. दोन्हीकडे चित्रं राखली ती दुर्लक्षाने.

नवगावची दोन टेकाडं कोणी खणून पाहिलीत का, असं मला एका तरुण मित्राने विचारलं. यहुदी धर्मात कबर उकरत नाहीत, मी म्हणालो. तो जरा हिरमुसला. मग मी त्याला बहाळच्या माणसांविषयी सांगू लागलो आणि अडखळलो, कारण त्यांना हाक कशी मारायची? पुरातत्त्वात रीत अशी की ज्या गावी ती भांडी पहिल्यांदा ओळखली गेली त्या गावाचं नाव द्यायचं. संगमनेर तालुक्यातलं जोर्वे, म्हणून जोर्वे संस्कृती. सावळदा, म्हणून सावळदा संस्कृती. ‘म्हणजे जोर्वेकर आणि सावळदेकर,’ तो म्हणाला. ‘केहिमकरांसारखंच.’

धाबं पाडून आम्ही स्लॅब घातला त्याला आता बरीच वर्षं झाली. निघालेली माती ट्रॉलीभर होती. शेजारच्या बांधकामाच्या जोत्यात ती भरली.